आयव्हीएफ पाप आहे का? सही करायच्या आधी फॉर्म वाचा

पत्र थोडक्यात (नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून):

पत्र लिहिणाऱ्या ताई 33 वर्षांच्या. माहेर बेळगावातलं, मराठी मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ). सासर खानापूर तालुक्यातलं, कॅथलिक. लग्नाला 7 वर्षं झाली, मूल नाही. त्या खासगी शाळेत शिकवतात, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीवर कामाला. एचएसजी तपासणीत (गर्भनळ्यांत औषध सोडून काढायचा एक्स-रे) दोन्ही नळ्या बंद असल्याचं आलं आणि डॉक्टरांनी थेट आयव्हीएफ सांगितलं, म्हणजे लॅबमध्ये बीज फलित करून गर्भाशयात सोडायचं. पॅकेज सव्वादोन लाखांचं, त्यासाठी पाटल्या ठेवून लोन काढायचा विचार चाललाय. क्लिनिकमधल्या बाई म्हणाल्या, आठ-दहा एम्ब्रिओ (फलित झालेलं बीज, गर्भाची अगदी सुरुवात) तयार करू, चांगले निवडू, बाकीचे फ्रीझ करून ठेवू. सासूबाईंना हे कळलं आणि घरात वादळ झालं. त्यांचं म्हणणं, चर्चनं मनाई केलीय, पाप आहे, देवाला द्यायचं असेल तर तो देईल. प्रेयर ग्रुपमधल्या एका बाईंनी तर असल्या मुलांना आत्मा नसतो असं सांगून मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. माहेरचे पास्टर म्हणतात विज्ञान ही देवाचीच देणगी, बिनधास्त करा. नवरा काहीच बोलत नाही आणि त्याची स्वतःची तपासणी अजून झालेली नाही. ताईंचे प्रश्न तीन: धर्माचं ऐकू की विज्ञानाचं? घरी न सांगता माहेरी राहून करून टाकलं तर? आणि बाळ झालंच तर चर्च बाप्तिस्मा देईल का?

ताई, शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, तो आधी संपवूया. हो, देतात. आयव्हीएफनं झालं म्हणून बाळाचा बाप्तिस्मा अडत नाही, कॅथलिक चर्चमध्ये नाही आणि मेथडिस्टांच्यात तर नाहीच. आणि असल्या मुलांना आत्मा नसतो हे त्या बाईंनी कुठून आणलं देव जाणे, कारण अशी शिकवण दोन्हीकडे नाही, उलट कॅथलिक चर्चचा आयव्हीएफला जो विरोध आहे तो बऱ्याच अंशी यासाठीच की लॅबमधल्या बशीतल्या पहिल्या दिवसाच्या एम्ब्रिओलासुद्धा ते माणसाचा मान देतात, मग त्यालाच आत्मा नाही म्हटलं तर विरोध तरी कशाला करायचा? 1987 साली व्हॅटिकननं 'दोनुम विते' नावाचं पत्रक काढून आयव्हीएफला नको म्हटलं, त्याच पत्रकात हेही लिहिलंय की या मार्गानं जन्मलेलं मूलसुद्धा देवाच्या चांगुलपणाची जिवंत देणगी समजून स्वीकारलं पाहिजे आणि मायेनं वाढवलं पाहिजे. त्याच्याही आधीची गोष्ट सांगते. जुलै 1978 मध्ये इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मली, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी. तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल असलेल्या अल्बिनो लुचानींना लोकांनी विचारलं, तर त्यांनी या तंत्राबद्दलच्या शंका लपवल्या नाहीत, पण बाळाला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईबापांना दोषी ठरवायचा मला हक्क नाही अशा अर्थाचं बोलले. त्याच ऑगस्टमध्ये ते पोप झाले, जॉन पॉल पहिले. प्रेयर ग्रुपमधल्या बाईंना हे सांगा, किंवा नका सांगू, व्हिडिओ मात्र डिलीट करा.

आता सासूबाई. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल जरा रागानं लिहिलंय, ते समजतं मला, सात वर्षं ऐकून घेतलंय तुम्ही. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं बोलली पाहिजे, चर्चनं मनाई केलीय हे त्या खरंच सांगताहेत, अडाणीपणानं बोलत नाहीयेत. 1987 मध्ये नाही म्हटलं, 2008 च्या 'दिग्नितास पेर्सोने' या पत्रकात परत नाही म्हटलं, आणि नवरा-बायकोचंच बीज वापरलं तरीसुद्धा नाही. कारणं मुख्यतः दोन देतात. एक म्हणजे मूल हे नवरा-बायकोच्या जवळिकीतून यावं, लॅबमध्ये तिसऱ्याच्या हातानं बनू नये. दुसरं म्हणजे या प्रक्रियेत जास्तीचे एम्ब्रिओ तयार होतात, काही टाकले जातात, काही वर्षानुवर्षं गोठवून पडतात. पहिलं कारण मला तितकंसं पटत नाही हे मी उघड सांगते, कॅथलिक वाचकांनी राग मानू नये, मूल व्हावं म्हणून दोघं एकमेकांचा हात धरून क्लिनिकच्या बाकड्यावर बसतात त्यात जवळीक नाही असं मला म्हणवत नाही. पण दुसरं कारण जड आहे. ते नुसतं कॅथलिकांचंच आहे असंही नाही, बायबल कधी न उघडलेल्या माणसालाही ते टोचू शकतं. फ्रीझरमध्ये सहा एम्ब्रिओ ठेवून, पुढं मूल झालं, दरवर्षीचं भाडं भरायचा कंटाळा आला, आता यांचं काय करायचं, या विचारानं झोप उडालेली जोडपी सगळ्या धर्मांत असतात.

म्हणून तुमच्या पास्टरांचं उत्तरही मला जरा घाईचं वाटलं. विज्ञान देवाची देणगी, कबूल की! आपल्या भागाला हे कुणी शिकवायची गरजच नाही. विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं 1894 मध्ये मिरजेला दवाखाना उघडला, तेव्हापासून बेळगाव, चिकोडी, निपाणीकडची किती माणसं तिथं जाऊन बरी होऊन आली, प्रार्थना आणि ऑपरेशन एकाच आवारात, कुणाला त्यात भांडण दिसलं नाही. पण देणगी आहे एवढ्यानं ती कशी वापरायची ते ठरत नाही ना. पास्टरना पुढचा प्रश्न विचारा, सर, उरलेल्या एम्ब्रिओंचं काय? बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चेसनी लग्नातल्या लग्नात, दोघांचंच बीज वापरून केलेलं आयव्हीएफ मान्य केलंय किंवा जोडप्याच्या विवेकावर सोडलंय, कॅथलिकांसारखा एक पोप त्यांच्यात नाही त्यामुळं सगळ्यांचं एकच उत्तर मिळणार नाही. पण तिकडंही विचार थांबलेला नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट नावाच्या प्रोटेस्टंट पंथानं जून 2024 मध्ये ठराव करून एम्ब्रिओ नष्ट होणं आणि गोठवून पडणं यावर बोट ठेवलं, त्याआधी फेब्रुवारीत तिथल्याच अलाबामा राज्याच्या सुप्रीम कोर्टानं गोठवलेले एम्ब्रिओ हीसुद्धा मुलंच असा निकाल दिला, तिथल्या क्लिनिकांनी घाबरून काम थांबवलं आणि मग पुढच्याच महिन्यात सरकारला क्लिनिकांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तुमच्या प्रेयर ग्रुपमध्ये फिरणारे व्हिडिओ मी पाहिलेले नाहीत, पण असले बरेचसे त्याच भांडणातून निघालेले असतात. ते त्यांच्या राजकारणाचं भांडण आहे. तुमचा कायदा वेगळा, तुमचा दवाखाना वेगळा, तुमच्या सासूबाईही वेगळ्या.

आता तुमचा पहिला प्रश्न, धर्म की विज्ञान. ताई, तुमच्या घरात हे दोन पक्ष खरंच आहेत का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं असं तुम्हीच ओघात लिहिलंय. तेव्हा देवाला दृष्टी द्यायची असेल तर देईल असं कुणी म्हटलं नाही, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, मिस्साला जाऊन आल्या आणि लेन्स बसवून घेतली, बरोबरच केलं. म्हणजे त्यांना विज्ञान नकोय असं नाही. त्यांना भीती एका विशिष्ट गोष्टीची आहे, आणि तुम्हालाही ती थोडी आहे, नाहीतर क्लिनिकमधल्या बाईंचं 'आठ-दहा तयार करू, बाकीचे फ्रीझ' हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं नसतं. मला वाटतं तुमचं मन तिथंच अडकलंय. मग बोलायचंही त्यावरच, धर्म आणि विज्ञान एवढ्या मोठ्या नावांची भांडणं घरात आणायची काहीच गरज नाही.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि ही जरा कडक शब्दांत सांगते. नवऱ्याची तपासणी झालेली नाही आणि तुम्ही पाटल्या ठेवायला निघालात? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत. आणि तुमचे यजमान भट्टीवर काम करतात. वृषणांना शरीरापेक्षा थोडं कमी तापमान लागतं म्हणून तर ती बाहेर असतात, सतत उष्णतेत काम केल्यानं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते, तंबाखू-सिगारेट असेल तर आणखी. होईलच असं नाही, पण बघायला नको का? सीमेन टेस्ट (वीर्याची तपासणी) साधी असते, खर्च आयव्हीएफच्या मानानं काहीच नाही, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, आणि रिपोर्ट गडबड आला तर काही आठवड्यांनी परत करून बघायचा, एका रिपोर्टवर माणसाला नापास करत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळं शिफ्ट बदलून, भट्टीपासून लांबचं काम मागून, तंबाखू सोडून काही फरक पडायचा असेल तर तो तीनेक महिन्यांनी दिसतो. उद्यमबागेत, मच्छेत, फाउंड्रीत काम करणाऱ्या घरांतल्या बाकीच्या वाचकांनीही हे वाचावं, आणि जी मुलगी लग्नानंतर दोन वर्षं एकटीच दवाखान्याच्या फेऱ्या मारतेय तिच्या सासूनंही.

मग तुमच्या नळ्या. एचएसजीत औषध सोडताना कधीकधी नळी आकसते आणि बंद आहे असं फोटोत दिसतं, विशेषतः गर्भाशयाजवळच्या टोकाला बंद दिसली तर. म्हणून दुर्बिणीतून रंग सोडून खात्री करायची पद्धत आहे. तुमचा रिपोर्ट कुठल्या टोकाला बंद म्हणतो ते बघा आणि दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवा, सिव्हिल असो की आणखी कुठं, पॅकेज विकत नाहीत अशा ठिकाणी. दुसरं, टीबी. आपल्या देशात नळ्या खराब व्हायचं हे एक मोठं कारण आहे, खोकला-बिकला काही नसताना गर्भाशयाचा टीबी असू शकतो, त्याची तपासणी करून घेतली का ते विचारा, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि थायरॉईड. हे सगळं न बघता कुणी थेट आयव्हीएफवर उडी मारत असेल तर त्याला कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण असेलही. नळ्या खरोखरच दोन्हीकडून गेल्या असतील, पाणी साठून फुगल्या असतील, तर आयव्हीएफ हाच रस्ता निघू शकतो आणि मग उगाच दोन वर्षं घालवू नका असंही मी म्हणेन, कारण पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही उतरायला लागतात. 33 म्हणजे घाबरायचं वय नाही, पण आरामात बसायचंही नाही.

आणि इथं गंमत बघा. 2008 च्या त्या पत्रकात, ज्यात आयव्हीएफला नाही म्हटलंय, त्यातच लिहिलंय की हार्मोनची ट्रीटमेंट, एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढायच्या आजाराचं) ऑपरेशन, बंद नळ्या उघडणं किंवा दुरुस्त करणं हे सगळं चालतं. म्हणजे पहिल्या तीन-चार महिन्यांचं जे काम मी सांगतेय त्याला सासूबाईंची, फादरची, पास्टरची, कुणाचीच हरकत असायचं कारण नाही. घरात हे बोलताना आयव्हीएफ हा शब्दच काढू नका सध्या. आधी नळ्यांची खात्री आणि यजमानांची टेस्ट करणार आहोत एवढंच सांगा, सासूबाई कदाचित स्वतःच मुलाला उठवून पाठवतील.

एवढं करूनही गाडी आयव्हीएफवरच आली, असं समजू. तेव्हा क्लिनिकमध्ये एक जाडजूड फॉर्म देतील. माझं सगळं उत्तर एका बाजूला आणि हा फॉर्म एका बाजूला, कारण पाप-पुण्य जे काही आहे ते या कागदावर ठरतं आणि बहुतेक जोडपी तो न वाचता, बाई बोट ठेवतील तिथं सह्या करून येतात. आपल्याकडं आणखी एक भानगड, फॉर्म इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, तुमचं बोलणं-शिक्षण मराठीत. इंग्रजी वाचता येतं हो, पण दवाखान्याचं इंग्रजी वेगळं असतं. लाजू नका. समजेल अशा भाषेत सांगणं हे त्यांचं काम आहे, बेळगावात मराठी बोलणारी एक तरी नर्स सापडतेच. फॉर्म घरी न्यायला मागा, दोन रात्री ठेवून घ्या. देत नसतील तर ते क्लिनिक सोडा.

आपल्याकडं यासाठी कायदा आहे, असिस्टेड रिप्रॉडक्टिव्ह टेक्नॉलॉजी कायदा 2021, जानेवारी 2022 पासून लागू. क्लिनिकची नोंदणी हवी आणि सर्टिफिकेट भिंतीवर दिसलं पाहिजे. यशाची शक्यता, धोके, सगळं समजावून सांगणारं कौन्सेलिंग द्यायला ते बांधील आहेत. लेखी संमती हवी, दोघांची. आणि हे महत्त्वाचं, एम्ब्रिओ गर्भाशयात सोडेपर्यंत कधीही संमती मागं घेता येते, म्हणजे सही केली म्हणून अडकलात असं नाही. एम्ब्रिओ जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात, नंतर ते नष्ट होऊ देतात किंवा तुमच्या परवानगीनं संशोधनाला देतात. मुलगा की मुलगी निवडून देतो असं कुणी कानात सांगितलं तर तिथून उठा, त्याला तुरुंग आहे, पाच वर्षांपासून पुढं. आणि आयव्हीएफनं झालेलं मूल कायद्यानं तुमचंच मूल, वारसाहक्कासकट, दीर-जावांनी काहीही म्हणोत.

आता आठ-दहाचा प्रश्न. एवढे तयार करायचे हा देवाचा नियम नाही तसा विज्ञानाचाही नाही, ती सोयीची पद्धत आहे. जास्त बीजं काढली, सगळी फलित केली, त्यातून निवड केली की एका फेरीत यश यायची शक्यता वाढते आणि परत परत इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत, हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही म्हणू शकता की आम्हाला दोन किंवा तीनच बीजं फलित करायची आहेत, जेवढे एम्ब्रिओ टिकतील तेवढे सगळे आम्ही वापरणार, एकही टाकायचा नाही, आणि जास्तीची बीजं असतील तर ती बीज म्हणूनच, फलित न करता, गोठवा. नुसतं बीज गोठवणं आणि एम्ब्रिओ गोठवणं यात तुमच्या विवेकाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीत 1990 चा कायदा साधारण याच विचारानं केला, एका फेरीत तीनपेक्षा जास्त एम्ब्रिओ गर्भाशयात सोडायचे नाहीत आणि तेवढ्यापुरतीच बीजं फलित करायची. इटलीत 2004 मध्ये असाच कडक कायदा आला, पण 2009 मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टानं तीनची मर्यादा काढून टाकली कारण बायकांच्या तब्येतीचा विचार त्यात नीट होत नव्हता. दोन्ही बाजू आहेत बघा. कमी फलित केले तर एका फेरीतली शक्यता कमी होते, परत फेरी म्हणजे परत पैसे, परत तुमच्याच अंगावर सुया. क्लिनिकला हे आवडणार नाही, पॅकेजमध्ये बसत नाही म्हणतील. तरीही विचारा. आणि हेही सरळ सांगते, एवढी काळजी घेतली म्हणून कॅथलिक चर्च त्याला हो म्हणेल असं नाही, त्यांचं पहिलं कारण तिथंच राहतं. पण जे टोचतंय ते बरंचसं निघून जातं, आणि मेथडिस्ट म्हणून वाढलेल्या तुमच्या मनाला मला वाटतं तेवढं पुरेल. तुमच्या नवऱ्याच्या मनाला पुरेल का, ते त्यांनाच विचारायला हवं.

म्हणजे परत आलो नवऱ्यावर. गुपचूप करायचं म्हणता, कसं करणार ताई? दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधेमधे सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढणं, आणि त्यांचा नमुना आणि सही तर लागणारच, तेव्हा नवऱ्यापासून लपवणं कायद्यानंही शक्य नाही. सासूबाईंपासून लपवायचं म्हटलं तर ते चूक नाही, सगळ्या गोष्टी सगळ्यांना सांगायलाच पाहिजेत असं कुठं आहे, नवरा-बायकोच्या मधलं नवरा-बायकोत राहू दे. पण खानापूर बस स्टँडवर सकाळच्या बेळगाव गाडीत तुम्ही रोज दिसलात की संध्याकाळपर्यंत गावात चार कारणं तयार असतील, त्यापेक्षा त्या दिवसांत माहेरी राहा, दवाखान्याचं काम आहे एवढं सांगून.

नवऱ्याचं गप्प राहणं तुम्ही सासूबाईंच्या बाजूचं मत समजताय. मला तसं वाटत नाही. आईला पाप वाटतंय, बायकोला मूल हवंय, डॉक्टर उद्या आपलाच रिपोर्ट मागणार, आणि त्यात आपल्यातच काही निघालं तर? गावात पुरुषाला ही भीती केवढी असते. शमुवेलाच्या पुस्तकात हन्ना मुलासाठी रडतेय, जेवत नाहीये, आणि एलकाना तिला म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? लोक हे वाक्य मोठ्या प्रेमाचं म्हणून सांगतात, प्रेम आहेच त्यात, पण मला नेहमी वाटतं की त्यानं तिला काय हवंय ते विचारलंच नाही. तुमच्याकडं उलटं करून बघा, तुम्ही त्यांना विचारा. चर्चमधून आल्यावर नाही, आई समोर असताना नाही, सेकंड शिफ्टहून दमून आल्यावर तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी दोघंच बाहेर पडा, राजहंसगडावर जा की कुठंही जा, आणि आयव्हीएफ करूया का असं नका विचारू, तुला कशाची भीती वाटते एवढंच विचारा. त्यांना वाटलं तर दोघं मिळून एखाद्या फादरशी बोला, पण त्यांनी निवडलेल्या, सासूबाईंनी नेमलेल्या नाही. चांगला फादर चर्चचं मत आहे तसं सांगेल आणि पुढं तुमच्या विवेकाशी बोलेल, पंचायत भरवणार नाही.

आणि ते पाप-पाप जे तुमच्या डोक्यात घुमतंय, पत्रात एका ठिकाणी 'माझ्याच कुठल्या पापानं नळ्या बंद झाल्या असतील' असं लिहिलंय, ते वाचून मी थांबले. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडं बघून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. नळ्या बहुतेक वेळा इन्फेक्शननं बंद होतात. बस.

पैशांचं बोलू. आयुष्मान कार्डावर आयव्हीएफ होत नाही, तो भ्रम ठेवू नका. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात नातेवाईक असतील तर त्यांनी सांगितलंच असेल, बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात 2023 पासून आयव्हीएफ मोफत द्यायला सुरुवात झाली, तिथल्या रहिवाशांसाठी काय अटी आणि बाहेरच्यांसाठी काय हे आधी फोन करून विचारा, उगाच घाट चढू-उतरू नका. खासगीत पॅकेजच्या बाहेर काय काय येतं ते लिहून घ्या, इंजेक्शनं, भूल, फ्रीझिंगचं वर्षाचं भाडं, फेरी फसली तर काय. पहिल्याच फेरीत होणारच अशी गॅरंटी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, अशी गॅरंटी जगात कुणी देऊ शकत नाही. आणि सगळं सोनं एका फेरीवर लावू नका, दोघांनी मिळून आधीच ठरवा की एवढ्या फेऱ्या, एवढे पैसे, मग थांबायचं.

दत्तक घ्यायचं तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून मी ढकलत नाही, मूल होत नाही म्हटलं की दत्तक घ्या असं तोंडावर फेकणारे पुष्कळ भेटतात आणि ते ऐकताना कसं वाटतं ते मला वाचकांच्या पत्रांतून कळतं. फक्त माहिती म्हणून सांगते, कारण ख्रिस्ती घरांत याबद्दल जुना गैरसमज आहे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना 1890 च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, मूल कायद्यानं पोटच्यासारखं होत नसे. जुवेनाइल जस्टिस कायद्यानं ते बदललं, आता धर्म कुठलाही असो, पूर्ण दत्तक घेता येतं. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, 'कारा'च्या (केंद्र सरकारची दत्तक संस्था) ऑनलाईन पोर्टलवर नोंदणी करायची, ऑर्डर जिल्हाधिकारी काढतात, आणि नंबर लागायला वर्षं जातात, त्यामुळं मनात असेल तर बाकीचं चालू असतानाच नाव घालून ठेवणं शहाणपणाचं. ओळखीच्या सिस्टरकडून किंवा नर्सकडून परस्पर बाळ मिळतंय असं कुणी म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे, पुढं बाळालाच त्रास.

तर सध्या नवऱ्याची टेस्ट, नळ्यांचं दुसरं मत, टीबी आणि थायरॉईड, एवढंच. पाटल्या कपाटात राहू देत. रिपोर्ट आले की परत लिहा, आणि फॉर्म मिळाला तर त्याचे फोटोही पाठवा, नाव-नंबर झाकून. कन्नडमध्ये असला तरी पाठवा, आमच्याकडं वाचता येतं.